माहितीप्रधान समाज आणि आपले धर्मग्राम
(जुबिली महोत्सवाच्या व्याख्यानमालेत अंधेरी येथे धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



जुबिलीच्या व्याख्यानमालेत धर्मगुरूने एखाद्या संताचे चरित्र सांगावे, अथवा देवालयाचा पूर्वेतिहास कथन करावा, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा तरुण मंडळाने मजकडे निराळाच विषय धाडला. विद्वान लोक ज्यास 'माहितीप्रधान समाज' म्हणतात, तो काय आहे, त्यात कोणते धोके आहेत, आणि त्यासंबंधी विद्यापीठांतून जे संशोधन चालू आहे त्यातून आपण काय घ्यावे, हे सांगा, असा त्यांचा आग्रह पडला. विषय माझ्या अभ्यासाबाहेरचा आहे असे म्हणून तो टाळण्याचा विचार मनात आला होता; परंतु गेल्या दोन वर्षांत माझ्या कचेरीत जी माणसे दुःख घेऊन आली, त्यांपैकी कितीतरी जणांच्या दुःखाचे मूळ ह्याच विषयात होते. म्हणून बोलावयास उभा राहिलो आहे.

प्रथम शब्दाविषयी. शेती, कारखाने आणि व्यापार ह्यांच्या जोडीला ज्ञान निर्माण करणे व वाटणे हाही एक स्वतंत्र उद्योगच आहे, असे फ्रिट्झ माख्लुप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या संबंधाने १९६२ साली आकडे मांडून दाखविले. पुढे १९७३ साली डॅनियल बेल ह्या समाजशास्त्रज्ञाने, ज्या समाजात यंत्रापेक्षा माहितीला अधिक मोल येते अशा समाजाचे चित्र एका ग्रंथात रेखाटले. योगायोग असा की, त्याच १९७३ साली आपल्या अंधेरीत सीप्झची वसाहत सुरू झाली. बेलसाहेबांनी कागदावर जे लिहिले, ते आपल्या मरोळ-कोंडिविट्याच्या भातशेतांवर प्रत्यक्ष उभे राहिले. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा त्या जमिनीत नांगर धरीत, त्यांची नातवंडे आज तेथे संगणकापुढे बसून परदेशातील लोकांचे हिशेब जुळवितात.

ह्याच सीप्झच्या कुंपणात सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या जुन्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत, हे तुम्हांस ठाऊक आहेच. ते देऊळ १५७९ चे. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती उठली आणि देऊळ ओस पडले. ज्या वर्षी त्याची उभारणी झाली, त्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले, ज्यांनी पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचिले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात आला तो १५५६ साली. तेव्हा माहितीचे साधन आणि आपली ख्रिस्तसभा ह्यांची ओळख काही आजची नाही.

किंबहुना मी असे म्हणेन की, प्रत्येक धर्मग्राम हे माहितीचे एक लहानसे कार्यालयच आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मगुरूस विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. बाप्तिस्म्याची वही त्याच काळापासून नियमाने चालत आली आहे. कोण केव्हा जन्मला, आईबाप कोण, साक्षीदार कोण, हे आपल्या कपाटातील त्या जाड वह्यांत लिहिलेले आहे, आणि पासपोर्टाकरिता अथवा जमिनीच्या वारसाहक्काकरिता दाखला हवा झाला की तुम्ही माझ्याकडे येता. ती वही कपाटात असते, कपाटाला कुलूप असते, किल्ली धर्मगुरूपाशी असते. आणि जे वहीत नाही, जे पापनिवेदनात ऐकिले, ते तर कोठेच लिहिले जात नाही.

दुसरी गोष्ट लग्नाच्या पुकाऱ्यांची. लग्न ठरले की तीन रविवार मिस्साच्या वेळी वधूवरांची नावे सर्वांसमक्ष वाचावयाची, आणि कोणास काही अडचण माहीत असल्यास त्याने ती कळवावयाची, ही चाल तुमच्या आजोबा-आजींच्या परिचयाची आहे. एक बातमी, आणि तिच्या पडताळ्याकरिता तीन आठवडे! आजच्या तरुणांस ह्याचे हसू येईल. परंतु त्या विलंबात एक शहाणपण होते, त्याचा विचार पुढे करू.

आता धोक्यांकडे वळतो. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष, बहुतेक सोलापूरकडील मंगळवेढे तालुक्यातील, भिक्षा मागण्याकरिता तेथे आले. गावोगाव फिरून मागून खाणे हाच त्या भटक्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. महाराष्ट्राच्या खेड्यांना डवरी गोसावी काही अनोळखी नव्हेत. परंतु त्याआधी कित्येक आठवडे त्या भागात लोकांच्या हातातील फोनवर एक वार्ता फिरत होती की, मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या आल्या आहेत, सावध राहा. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना कोणाच्या दृष्टीस पडला असे म्हणतात, आणि एवढ्यावरून जमाव उसळला. त्या पाचांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. सोडवावयास गेलेल्या पोलिसांवरही जमाव धावून गेला. त्याच सुमारास मालेगावात आणखी एका फिरत्या कुटुंबाभोवती असाच जमाव जमला होता. तेथे पोलिसांनी त्यांस बाहेर काढिले म्हणून ती माणसे वाचली. त्यांच्यात एक लहान मूल होते. मुले पळविणाऱ्यांस शिक्षा करावी म्हणून जमलेल्या लोकांस कडेवरचे ते मूल दिसले नाही, ह्याहून शोचनीय ते काय?

त्या वार्तेत सत्य किती होते? त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीची. तेथील एका सेवाभावी संस्थेने, मुलांना जपा, असे आईबापांस सांगण्याकरिता ती केली होती. मोटारसायकलवरील माणूस मूल उचलून नेतो आणि शेवटी परत आणून सोडतो, असा तो प्रसंग होता. कोणीतरी शेवटचा भाग कापून टाकिला, आणि उपदेशाची चित्रफीत भयाची चित्रफीत झाली. मालेगाव-धुळ्याकडे फिरलेल्या एका छायाचित्रात मुलांची प्रेते ओळीने ठेविलेली होती. ती मुले २०१३ साली सीरियात विषारी वायूने मेलेली होती. अशा रीतीने कराचीचा एक तुकडा आणि सीरियाचा एक तुकडा एकत्र येऊन साक्री तालुक्यात पाच निरपराध माणसे मेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत पोप फ्रान्सिस ह्यांनी जागतिक संपर्कसाधन दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांचाच विषय घेतला होता. सहा महिन्यांत त्याचे असे प्रत्यंतर यावे, हे आपले दुर्दैव.

संशोधक ह्या संबंधाने काय सांगतात, ते आता ऐका. २०१८ सालच्या मार्च महिन्यात 'सायन्स' ह्या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अराल ह्या तिघांचा लेख आला. ट्विटर नावाच्या माध्यमावर २००६ पासून २०१७ पर्यंत पसरलेल्या सुमारे १,२६,००० वार्ताप्रवाहांचा त्यांनी माग काढिला. त्या सुमारे ३० लक्ष लोकांनी पसरविल्या होत्या. निष्कर्ष असा निघाला की, खोटी बातमी पुढे धाडली जाण्याचा संभव खऱ्या बातमीहून ७० टक्के अधिक, आणि १,५०० माणसांपर्यंत पोहोचावयास सत्यास असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागतो. कोणी म्हणेल, हे सारे यंत्रांचे काम असावे. त्यांनी तीही शंका तपासून पाहिली. स्वयंचलित यंत्रे खरे व खोटे सारख्याच वेगाने पसरवितात असे आढळले. फरक जो पडतो, तो माणसांमुळे. खोट्यात नावीन्य असते, ते वाचून आश्चर्य वाटते, किळस येते, आणि आधी मी सांगितले असे म्हणविण्याची हौस माणसास आवरत नाही. हे वाचून मला काही नवल वाटले नाही. तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूस आठव्या आज्ञेची ही बाजू परिचित असते.

परंतु दुसऱ्या एका संशोधनाने मात्र मला विचारात पाडिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील शकुंतला बॅनाजी व राम भट ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रदेश व उत्तरप्रदेश ह्या चार प्रांतांत हिंडून व्हॉट्सॲप आणि जमावाचा हिंसाचार ह्यांचा संबंध तपासिला, आणि २०१९ साली अहवाल प्रसिद्ध केला. आपला सर्वसाधारण समज असा की, खेड्यातील अडाणी लोकांस फोन हाताळता येत नाही म्हणून ते फसतात. त्यांना जे आढळले ते ह्याच्या उलट होते. खोटे पसरविण्याच्या मुळाशी फोनचे अज्ञान तितकेसे नसून, अमुक जातीचा, अमुक धर्माचा, अमुक भटक्या टोळीचा माणूस असलाच असणार, हा पूर्वग्रह असतो. शिकलेला, शहरात राहणारा, फोन उत्तम हाताळणारा माणूसही त्यातून सुटत नाही. जे ऐकावयाची मनाची आधीच तयारी आहे, तेच माणूस पुढे धाडितो.

आता आपल्या धर्मग्रामाचा फोनवरील गट उघडून पाहा. मी त्याची नित्य वाचणूक करितो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल! झोपडपट्टीतील लोकांविषयी, आपल्या गावठाणात भाड्याने राहावयास आलेल्या परप्रांतीयांविषयी, अन्य धर्मीयांविषयी तेथे जे येते, त्यातील किती आपण आधी तपासिले? खांद्यावर झोळी घेतलेला अनोळखी माणूस मरोळच्या अगर आंबोलीच्या गल्लीत शिरला, तर आपल्या मनात प्रथम काय येते? राईनपाड्याची माणसे आपल्याहून काही निराळ्या मातीची नव्हती.

ह्या प्रकारानंतर त्या कंपनीने जुलै २०१८ मध्ये हिंदुस्थानात एक वार्ता एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येऊ नये असे केले. २०१९ च्या जानेवारीत तो नियम सर्व जगास लागू झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये, जी वार्ता अनेक हातांतून आलेली आहे ती एकाच ठिकाणी धाडता येईल, असे ठरले. त्यायोगे अशा वार्तांचे पसरणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. म्हणजे उपाय कोणता केला? विलंबाचा. लग्नाच्या पुकाऱ्यांना हसणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. तीन रविवारांचा नियम करणारे लोक मनुष्यस्वभाव ओळखून होते.

मग लोकांस शिकवून काही उपयोग होतो की नाही? ह्याविषयी बिहारात दोन प्रयोग झाले. सुमित्रा बद्रीनाथन ह्या विदुषीने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमारे बाराशे लोकांत एक प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर, खोटी बातमी कशी ओळखावी, हे समजावून सांगितले. एकंदरीने पाहता परिणाम काहीच दिसला नाही. तासभराच्या उपदेशाने माणूस बदलत नाही हे प्रयोगाने सिद्ध झाले, आणि आम्हां प्रवचनकारांस तो चांगलाच टोला बसला! परंतु पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेपाचशेहून अधिक गावांतील सुमारे १३,५०० शाळकरी मुलांत दुसरा प्रयोग केला. ह्या वेळी गावच्या ग्रंथालयातून सुमारे चार महिने नियमित वर्ग चालविले. त्या मुलांस खरे-खोटे पारखता येऊ लागले, वर्ग संपून महिने लोटल्यावरही ती पारख टिकली, आणि विशेष म्हणजे मुलांच्या संगतीने त्यांच्या आईबापांतही सुधारणा दिसली. ह्याचा उपयोग मी शेवटी करणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

पहिला धोका वार्तेचा झाला. दुसरा आहे नोंदवहीचा. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत आधारची पहिली पत्रे वाटण्यात आली. पहिले पत्र त्याच गावच्या एका आदिवासी भगिनीस मिळाले. ज्यांच्यापाशी आपण कोण हे सिद्ध करावयास कागदाचा कपटा नाही, त्यांस ओळख द्यावी, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु ज्याच्या बोटांची कातडी विटा उचलून किंवा मासळी सोलून झिजली आहे, त्याचा ठसा यंत्र ओळखीत नाही. रेशनच्या दुकानातून कितीतरी वृद्धांस ह्याकरिता दोन-दोन खेपा घालाव्या लागल्या आहेत. जो खरोखर गरीब आहे, त्याच्याच बोटावर गरिबीने आधी रंधा मारलेला असतो.

नोंदवही चुकली तर उपासमार होते. आणि बिनचूक असली तर? हॉलंड देशात महायुद्धापूर्वी लोकांची नोंदवही फार व्यवस्थित होती. नाव, पत्ता, धर्म, सारे तीत होते. ते सद्भावनेनेच लिहिलेले होते. १९४० साली जर्मन सैन्य आले, आणि ती तयार वही त्यांच्या हाती पडली. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून अधिक मारले गेले. हॉलंडच्या बिशपांनी जुलै १९४२ मध्ये ह्या छळाचा देवळांतून जाहीर निषेध केला, तेव्हा सूड म्हणून, ज्यांची ज्यू वंशाचे म्हणून नोंद होती अशा कॅथोलिकांसही पकडण्यात आले. संत एडिथ श्टाइन ह्या त्यांतीलच. २ ऑगस्टला मठातून धरून नेल्या आणि ९ ऑगस्टला आउश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला. पुढील मार्चमध्ये काही धाडसी देशभक्तांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयास आग लाविली, परंतु वह्यांचा थोडाच भाग नष्ट झाला. विल्यम सेल्ट्झर व मार्गो अँडरसन ह्या दोघा विद्वानांनी अशा अनेक देशांतील उदाहरणांचा अभ्यास करून २००१ साली दाखवून दिले आहे की, लोकहितासाठी जमविलेली आकडेवारी पुढे लोकांच्याच जिवावर उठल्याचे प्रसंग एकदोन नाहीत.

आपल्या देशात ह्याचे भान न्यायालयांनी ठेविले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावरून हा निकाल झाला. पुढच्याच वर्षी २६ सप्टेंबरला पाच न्यायाधीशांनी आधार कायदा बहुमताने कायम केला. परंतु बँकेच्या खात्यास आणि फोनच्या क्रमांकास तो सक्तीने जोडावा, ही गोष्ट रद्द ठरविली. त्यात आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी संपूर्ण कायद्याच्याच विरुद्ध निराळा निकाल लिहिला. तो अवश्य वाचावा. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला आहे. कायदे झाले, हे बरे झाले. तथापि कायद्याचा उपयोग नुकसान झाल्यावर होतो.

तिसरी गोष्ट मी नाव न घेता सांगतो, आणि ज्या भगिनीची ती आहे तिच्या अनुमतीने सांगतो. आपल्याच धर्मग्रामातील ही एक वृद्ध विधवा. मुले परदेशी. एके सकाळी तिला फोन आला. पलीकडे पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस चित्रात दिसत होता. तुमच्या नावे आलेल्या पुडक्यात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांस फोनवरच अटक झाली आहे, खोली सोडावयाची नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, असे त्याने बजाविले. तिचे नाव, पत्ता, आधारचा क्रमांक, मुलगा कोणत्या देशी आहे, सारे त्यास ठाऊक होते. पाहा, नोंदवहीचा धोका आणि खोट्या वार्तेचा धोका येथे एकत्र आले! दोन दिवस ती बाई स्वतःच्या घरात बंदिवान होती. आयुष्याची पुंजी गेली. फोनवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, असे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून साऱ्या देशास सांगितले. पण घाबरलेल्या माणसास त्या क्षणी ते आठवत नाही.

मला अधिक वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. पैसे गेल्यावर ती दोन महिने मिस्सास आली नाही. लोक हसतील म्हणून. शेजारच्या बिऱ्हाडातही तिने सांगितले नाही, आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर पहिल्या तासाभरात कळविले असते तर कदाचित काही रक्कम अडविता आली असती, तीही संधी गेली. ठकाचे पहिले वाक्य, कोणास सांगू नका, हेच असते. माणूस एकटा पडला की त्याचे काम झाले. तिच्या जिन्यावर आपली सात कुटुंबे राहतात. त्यांपैकी एकाचेही दार तिला त्या दोन दिवसांत ठोठवावेसे वाटले नाही, ह्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

आता आपल्यापुढील प्रश्नाकडे येतो. जुबिलीनिमित्त धर्मग्रामातील सर्व कुटुंबपत्रके संगणकावर चढवावीत, आणि एक कंपनी ते काम विनामूल्य करून देण्यास तयार आहे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू उत्तम आहे. परंतु त्या पत्रकांत काय काय आहे, ह्याचा त्यांनी विचार करावा. कोणाचा विवाह मोडला, कोण दारूच्या व्यसनातून उठत आहे, कोणाच्या घरी वेडसर मूल आहे, कोणाची मुलगी अन्य धर्मात दिली, हे सर्व त्यांत आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधू कोणाच्या घरी धान्य पोहोचवितात, ती यादीही त्यांच्याबरोबर जाईल. ते बंधू आपल्या बायकोसही ती नावे सांगत नाहीत. कंपनी विनामूल्य काम करिते म्हणजे तिला मोल कशात मिळते, हा प्रश्न बाजारात भाजी घेणारी आपली कोणीही बाई विचारील.

माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या जुन्या वह्या जीर्ण होत चालल्या आहेत. त्यांची छायाचित्रे काढून ती आपल्याच कपाटातील यंत्रात ठेवावीत, ह्यास माझी संमती आहे. मदतीच्या याद्या आणि घरोघरच्या भेटींची टिपणे मात्र कोणत्याही यंत्रात जाणार नाहीत. मंडळास हे मान्य नसल्यास त्यांनी आर्चबिशपांकडे दाद मागावी. तेथेही मी हेच सांगेन.

आणि दुसरे असे. जुबिली निधीतून रोषणाईकरिता जी रक्कम राखून ठेविली आहे, तीतील अर्धी मी मागत आहे. जुबिलीनंतरच्या पहिल्या रविवारपासून चार महिने, सकाळच्या मिस्सानंतर, दृढीकरणाच्या वर्गातील मुलांकरिता खरे-खोटे पारखण्याचा वर्ग भरेल. आपल्याच तरुणांपैकी सीप्झमध्ये नोकरी करणारे चौघेजण शिकवावयास तयार आहेत. ज्या मुलांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांस बरोबर आणावे. बिहारात आईबाप सुधारले, आपल्याकडे आजी-आजोबा शिकतील. शिवाय प्रत्येक इमारतीत एकएक घर नेमावयाचे आहे, जेथे एकट्या राहणाऱ्या माणसाने असा फोन येताच, तो न ठेवता का होईना, चालत जावे. अशा घरांची नावे मला हवी आहेत. सॅक्रिस्टीच्या मेजावर आजपासून एक वही ठेविली आहे. ज्यांना आपले दार उघडे ठेवावयाचे आहे, त्यांनी जाताना तीत नाव आणि खोलीचा क्रमांक लिहावा. पेन दोरीला बांधलेले आहे.